झाल्या डावाची उजळणी

महाभारतात द्यूताच्या पटाकडे परत फिरलेले दोन राजे आहेत. पहिला युधिष्ठिर. पहिल्या द्यूतात सर्वस्व गमावल्यावर धृतराष्ट्राने ते त्याला परत दिले. तो इंद्रप्रस्थाच्या वाटेला लागला, तोच पुन्हा बोलावणे आले आणि आपण कसे हरलो याचा विचार न करता तो त्याच पटावर, त्याच शकुनीसमोर जाऊन बसला. परिणाम आपल्याला ठाऊक आहे. दुसरा राजा नल. पुष्कराकडून राज्य हरल्यावर तो वनात गेला आणि पुढे बाहुक नावाने ऋतुपर्णाचा सारथी झाला. विदर्भाच्या वाटेवर ऋतुपर्णाने एका बेहड्याच्या झाडाची पाने व फळे नुसत्या नजरेने मोजून दाखविली. नलाला ते खरे वाटेना. त्याने रथ थांबविला, स्वतः मोजदाद केली, आणि आकडा जुळला तेव्हा ती विद्या, म्हणजे अक्षहृदय, त्याच्याकडून मागून घेतली. त्यानंतरच तो पुष्करासमोर पुन्हा बसला आणि राज्य जिंकून परतला. प्राचीन काळी बेहड्याचीच फळे फासे म्हणून वापरीत, हे लक्षात घेतले म्हणजे या प्रसंगाचे मर्म अधिक खुलते.

परतले दोघेही. फरक इतकाच की, एक जसा गेला तसाच परतला आणि दुसरा मोजून, पडताळून परतला.

आजचा विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पोकर नावाचा पत्त्यांचा एक खेळ आहे. आपल्याकडील तीन पत्तीचा तो विलायती भाऊबंद म्हणावयास हरकत नाही. अमेरिकेत व युरोपात या खेळाच्या अगदी हलक्या दराच्या, एकदोन डॉलर प्रवेशशुल्काच्या स्पर्धा इंटरनेटवर भरतात. काही वर्षांच्या खंडानंतर एखादा मनुष्य अशा स्पर्धांकडे परत येतो, रात्री खेळतो आणि दुसऱ्या दिवशी आपल्याच डावांच्या नोंदी उघडून कोठे चुकले ते शोधतो. दर इतका कमी, तर मग एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे, आणि तो इतिहास निदान पाचशे वर्षांचा आहे.

त्याचा आरंभ इटलीत होतो. जिरोलामो कार्दानो हा सोळाव्या शतकातील नामांकित वैद्य व गणिती. जन्म १५०१ चा, मृत्यू १५७६ चा. बीजगणितातील त्याची कीर्ती मोठी; पण हा गृहस्थ फाशांच्या व पत्त्यांच्या नादात आकंठ बुडालेला होता. आयुष्याच्या अखेरीस लिहिलेल्या आत्मचरित्रात त्याने स्वच्छ कबूल केले आहे की, चाळीसहून अधिक वर्षे आपण बुद्धिबळे व पंचवीस वर्षे फासे खेळलो, आणि तेही अधूनमधून नव्हे तर, सांगण्यास लाज वाटते, रोज. व्हेनिसमध्ये आपल्याला खुणेच्या पत्त्यांनी फसविले जात आहे असे दिसताच त्याने यजमानाच्या तोंडावर खंजीर चालविला होता, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे.

या जुगाऱ्याने द्यूतक्रीडेवर लॅटिन भाषेत एक लहानसा ग्रंथ लिहिला. तो छापला गेला त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली. फाशांतील संभवांची पद्धतशीर मोजणी करणारा हा पहिल्या ग्रंथांपैकी एक होय. परंतु मला त्यातील दुसरीच एक गोष्ट मोलाची वाटते. कार्दानो एखादा हिशेब मांडतो, पुढे तो चुकल्याचे त्याच्या ध्यानात येते. तेव्हा तो आधीचे पान फाडून टाकीत नाही. चुकीचा विचार तसाच राहू देतो आणि हा विचार खोटा आहे असे सांगून नवा मांडतो. वर्गात फळा पुसण्याची घाई करणाऱ्या आम्हा शिक्षकांना हा धडा घेण्यासारखा आहे. चूक पुसली की तिच्याबरोबर शिकण्याचे साधनही पुसले जाते.

पुढे १६५४ मध्ये फ्रान्समध्ये पास्कल व फर्मा या दोन गणितज्ञांचा प्रसिद्ध पत्रव्यवहार झाला. त्यांच्यासमोरचा एक प्रश्न असा होता: डाव अर्धवट मोडला तर लावलेली रक्कम खेळाडूंत कोणत्या प्रमाणात वाटावी? उत्तर देताना त्यांनी झालेल्या गोष्टीकडे न पाहता पुढे काय काय होऊ शकले असते ते मोजले. १६५७ मध्ये हॉलंडच्या हायगेन्सने यावर छापील प्रबंधच प्रसिद्ध केला. एखाद्या निर्णयाची किंमत त्याच्या एका फळावरून नव्हे, तर सर्व संभाव्य फळांच्या सरासरीवरून ठरवावी, हा विचार येथे रुजला. आजची विम्याची गणितेही याच विचारावर उभी आहेत.

आता अटलांटिक ओलांडून अमेरिकेत येऊ. पोकर हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यू ऑर्लीन्सच्या परिसरात आकाराला आला आणि मिसिसिपी नदीतील वाफेच्या बोटींतून उत्तरेकडे पसरला. आरंभी तो वीसच पानांनी खेळत. पुढे बावन्न पाने आली. जोसेफ कॉवेल या इंग्रज नटाने १८२९ च्या सुमाराच्या आपल्या नौकाप्रवासातील पोकरच्या आठवणी १८४४ साली छापल्या. या खेळाचे ते एक जुने वर्णन आहे. पोकरचे वैशिष्ट्य असे की, त्यात उत्तम पाने असलेलाच जिंकतो असे नाही. पाने झाकलेली असतात. हलकी पाने हातात असतानाही मोठी बोली लावून हूल द्यावी आणि समोरच्याने चांगली पाने टाकून द्यावीत, हे नेहमीचेच.

येथेच एक अडचण उभी राहते. बुद्धिबळाच्या खेळ्या टिपून ठेवता येतात आणि दुसऱ्या दिवशी पट मांडून डाव पुन्हा पाहता येतो. पत्त्यांचे तसे नाही. डाव संपला की पाने पिसली जातात आणि पुरावा नाहीसा होतो. उरते ती खेळाडूची आठवण; आणि आठवणीइतका पक्षपाती साक्षीदार दुसरा नाही. जिंकलेला डाव आपल्या हुशारीमुळे व हरलेला दैवामुळे, असाच जबाब ती देते. बोटीवरचा जुगारी शंभर डाव हरला तरी त्याला एकच आठवे, शेवटचे पान आडवे आले तो.

विसाव्या शतकात टेक्सासमध्ये या खेळाचा एक नवा प्रकार निघाला. प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळावयाची, आणि मध्यभागी सर्वांसाठी पाच पाने टप्प्याटप्प्याने उघडावयाची. १९६० नंतरच्या दशकात तो लास व्हेगासला पोहोचला. १९७० साली बेनी बिनियनच्या जुगारगृहात पोकरची जागतिक मालिका सुरू झाली. त्या वर्षी विजेता खेळाडूंच्या मतांनी निवडला गेला; १९७१ पासून सर्व चकत्या एकाकडे जाईपर्यंत खेळण्याची रीत आली. मुख्य स्पर्धेचे प्रवेशशुल्क लवकरच दहा हजार डॉलर झाले. म्हणजे शिकावयाचे तर आधी श्रीमंत असावे लागे, किंवा शिकता शिकता दरिद्री व्हावे लागे. या खेळाची शास्त्रीय चर्चा मात्र वेगळ्याच ठिकाणी, विद्यापीठांत, चालू होती. जॉन फॉन नॉयमन व मॉर्गनस्टर्न यांच्या १९४४ च्या प्रसिद्ध ग्रंथात पोकरला एक स्वतंत्र विभाग दिलेला आहे, आणि हूल देणे हा नुसता धूर्तपणा नसून हिशेबाने योग्य ठरणारी चाल आहे, हे त्यात दाखविले आहे. पण जुगारगृहातील टेबल आणि गणितज्ञाचा फळा यांची गाठ पडावयास अजून अवकाश होता.

ती गाठ संगणकाने घालून दिली. १ जानेवारी १९९८ रोजी इंटरनेटवर खऱ्या पैशाचा पहिला पोकरचा डाव वाटला गेला. यातून दोन गोष्टी घडल्या. टेबल, खुर्ची, वाटप करणारा नोकर यांचा खर्च नाहीसा झाल्याने एक डॉलर किंवा त्याहूनही कमी शुल्काच्या स्पर्धा भरविणे परवडू लागले. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. प्रत्येक डावाची नोंद आपोआप लिहिली जाऊ लागली. कोणाला कोणती जागा, कोणी केव्हा किती बोली लावली, मध्ये कोणती पाने उघडली, सारे तारीखवार उतरू लागले. इतरांची टाकून दिलेली पाने त्यात दिसत नसत. पण आपली पाने आणि आपले निर्णय शाई वाळल्यासारखे पक्के होत. पत्त्यांच्या इतिहासात सामान्य खेळाडूच्या हाती आपल्या खेळाची संपूर्ण वही प्रथमच आली.

या खेळाकडे लोकांचा ओढा लागला तो २००३ मध्ये. टेनेसी राज्यातील ख्रिस मनीमेकर नावाच्या हिशेबनिसाने इंटरनेटवरील ८६ डॉलरच्या पात्रता स्पर्धेतून लास व्हेगासच्या मुख्य स्पर्धेत प्रवेश मिळविला आणि ८३९ खेळाडूंत पहिला येऊन २५ लाख डॉलर जिंकले. पुढल्या वर्षी खेळाडू २,५७६ झाले, २००६ मध्ये ८,७७३. हिशेबनिसाला जे साधले ते आपल्याला का साधू नये, असे हजारोंना वाटले. यात वाचण्याची चूक कशी होते पाहा. लोकांनी फळ वाचले. निर्णय वाचले नाहीत.

आता नोंद वाचावयाची म्हणजे काय, हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, आपल्या हातात बदामाची दोन पाने आहेत. मध्यभागी चार पाने उघडली असून त्यांत दोन बदाम आहेत. पाचव्या पानाला बदाम आला तर डाव आपला, न आला तर गेला. मध्ये ३०० चकत्या जमल्या आहेत आणि प्रतिस्पर्धी आणखी ३०० लावतो. आपण ३०० घालावयाच्या, आणि त्याही आपल्या शेवटच्या. आपण त्या घातल्या, बदाम आला, आपण जिंकलो. घरभर आनंद.

दुसऱ्या दिवशी वही उघडून हिशेब करावा. आपल्याला सहा पाने ठाऊक होती. ४६ पाने अज्ञात. त्यांत बदाम उरले ९. तोच प्रसंग ४६ वेळा आला आणि प्रत्येक पान एकेकदा पडले असे धरा. ९ वेळा आपण ६०० मिळवू, म्हणजे ५,४००. ३७ वेळा ३०० गमावू, म्हणजे ११,१००. निव्वळ तोटा ५,७००, दर खेपेस सरासरी सुमारे १२४ चकत्या. म्हणजे जिंकलेला डाव चुकीचा खेळला होता. उलट कित्येक हरलेले डाव तपासले असता निर्दोष आढळतात. फळ आणि निर्णय यांची अशी फारकत करावयास शिकणे, हीच या उजळणीची सारी विद्या. आणि ती हलक्या दराच्याच खेळात साधते. दर मोठा असला तर भीतीने डोळे मिटतात; दर काहीच नसला तर चूक वाचण्याइतकी तिची किंमतच वाटत नाही.

नोंदींचे सामर्थ्य किती, हे २००७ साली जगाला दिसले. एका संकेतस्थळावरील मोठ्या स्पर्धेत दुसऱ्या आलेल्या खेळाडूला विजेत्याचा संशय आला. त्याने आपल्या डावांच्या नोंदी मागितल्या. त्याच्या हाती जे दप्तर आले त्यात चुकून सर्वच खेळाडूंची झाकलेली पाने नमूद होती. खेळाडूंनी एकेक डाव लावून पाहिला, तेव्हा दिसून आले की, विजेता जणू समोरच्यांची पाने उघडी दिसत असल्याप्रमाणे बोली लावीत किंवा पाने टाकीत होता. आतल्या माणसाच्या साहाय्याने केलेली ती लबाडी होती. कार्दानोने खंजीर उपसला होता. या मंडळींनी वही उघडली.

यानंतर खंड पडला. अमेरिकेने २००६ मध्ये या व्यवहारातील पैशाच्या देवघेवीवर निर्बंध आणले होते. १५ एप्रिल २०११ रोजी तेथील न्यायखात्याने मोठ्या संकेतस्थळांवर कारवाई केली आणि एका दिवसात असंख्य खेळाडूंचा खेळ बंद झाला. एका संकेतस्थळावर अडकलेले पैसे अमेरिकन खेळाडूंना परत मिळू लागले ते २०१४ मध्ये. नेव्हाडा, डेलावेअर व न्यू जर्सी या राज्यांत २०१३ मध्ये कायदेशीर खेळ सुरू झाला. जे परतले त्यांना खेळ ओळखू येईना. त्यांच्या गैरहजेरीत इतरांनी अभ्यास केला होता. कधीकाळी एक डॉलरच्या स्पर्धेत सहज जिंकणारा आता तेथेच मार खाऊ लागला.

कारण दरम्यान यंत्रेही अभ्यासाला लागली होती. २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी या खेळाचा दोन खेळाडूंचा, ठरावीक बोलींचा प्रकार जवळजवळ पूर्णपणे सोडविल्याचे जाहीर केले. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्ग येथे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रॅटस या संगणक-कार्यक्रमाने चार नामांकित धंदेवाईक खेळाडूंशी वीस दिवसांत १,२०,००० डाव खेळून त्यांना हरविले. त्यातील एक गोष्ट अर्थपूर्ण आहे. दिवसाचा खेळ संपला की रात्री ते यंत्र आपल्या खेळाची उजळणी करी. प्रतिस्पर्धी कोणत्या बोलींनी आपल्या उणिवा हुडकीत आहेत ते पाहून सकाळपर्यंत ती भगदाडे बुजवी. चारही खेळाडू रात्री एकत्र बसून तेच करीत. माणूस थकला आणि यंत्र थकले नाही, एवढाच भेद.

श्रोते हो, येथवर ऐकून कोणी म्हणेल की, मी जुगाराची भलावण करतो आहे. तसे मुळीच नाही. वही प्रामाणिकपणे वाचली म्हणजे तीच आणखी दोन गोष्टी सांगते. एक अशी की, प्रत्येक प्रवेशशुल्कातील काही भाग खेळविणाऱ्याच्या पेटीत जातो. सर्व खेळाडूंची बेरीज नेहमी तोट्याचीच असते, आणि कितीही उजळणी केली तरी हे गणित बदलत नाही. दुसरी अशी की, संभवांचे ज्ञान वेगळे आणि स्वतःवरचा ताबा वेगळा. कार्दानोइतके फाशांचे गणित त्या काळी फार थोड्यांना कळत असेल; तरीही तो रोज खेळत राहिला. त्याने फासे मोजले, पण स्वतःला मोजावयास उशीर केला.

आपल्या देशात या प्रश्नाला कायद्याची वेगळी बाजू आहे. कौशल्याच्या स्पर्धा व जुगार एक नव्हेत, असे सर्वोच्च न्यायालयाने मुंबई राज्यातील शब्दकोड्यांच्या स्पर्धेवरील खटल्यात १९५७ मध्ये सांगितले. आंध्र प्रदेशातील एका क्लबच्या खटल्यात रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ ठरला. गोव्यात १९९० नंतरच्या दशकात कायद्यात दुरुस्त्या होऊन मांडवीत जुगाराच्या बोटी आल्या. मिसिसिपीचे चित्र आपल्या दाराशी येऊन ठेपले. इंटरनेटवरील पैशाच्या खेळांबाबत मात्र संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेल्या कायद्याने कौशल्य व दैव हा भेद बाजूस सारला आणि दोन्ही प्रकारचे खेळ चालविण्यास मनाई केली. कर्जात बुडालेली घरे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना यामागची कळकळ समजेल.

तेव्हा तो खेळ ज्याच्या त्याच्या देशात राहू द्या. आपण घ्यावयाची ती वही. शाळेत तपासलेली उत्तरपत्रिका परत दिली की विद्यार्थी आधी गुण पाहतो, आणि बहुतेक जण तेवढेच पाहतात. पास झालेल्याला आपले कोठे चुकले ते कळत नाही आणि नापास झालेल्याला आपले काय बरोबर होते तेही कळत नाही. शेतकऱ्याचे पीक, व्यापाऱ्याचा सौदा, आईबापांनी मुलासाठी घेतलेला निर्णय, या सर्वांत काही पान दैवाचे असते. ते आपल्या हाती नाही. पण ज्या क्षणी निर्णय घेतला त्या क्षणी जे ठाऊक होते, त्याच्या आधारे तो योग्य होता का, हा प्रश्न आपण विचारू शकतो. आणि उत्तर लिहून ठेवण्याचे धैर्य असेल तर पुढल्या वेळी थोडे शहाणे होऊन बसू शकतो.

नलाची कथा युधिष्ठिराला कोणी व केव्हा सांगितली, हे आपणांस आठवत असेल. दुसऱ्या द्यूतानंतर, वनवासात, बृहदश्व ऋषींनी. कथा संपल्यावर त्यांनी अक्षहृदयही त्याला शिकविले. पुढे विराटाच्या दरबारात कंक या नावाने तो पुन्हा एकवार फाशांजवळ बसला. पण राज्य लावण्यासाठी नव्हे, तर अज्ञातवासाची नोकरी निभावण्यासाठी. तोच पट, तेच फासे. बदलला होता तो बसणारा.